तबलीचा आधार

संगीताचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक प्रायः गवयांचा इतिहास लिहितो. कोणत्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, कोणीं कोणाची तालीम घेतली, कोणत्या दरबारीं कोणास किती तनखा होता, या गोष्टींचा तो कसून शोध करतो. आणि हें योग्यच आहे. परंतु ज्या तंबोऱ्याच्या सुरावर त्या सर्व घराण्यांनीं आपला आवाज लावला, त्या तंबोऱ्याची तबली किती जाड होती, सपाट होती कीं फुगीर होती, तिला आंतून आधार होता कीं नव्हता, हे प्रश्न त्यास सहसा पडत नाहींत. वाद्याची वरची बाजू सर्वांस दिसते. तिच्यावरील नक्षीचें व पानाफुलांचें कौतुकही होतें. वाद्य बोलेल कीं मुकें राहील, याचा निकाल मात्र तबलीच्या पाठीमागें, जेथें डोळा पोंचत नाहीं अशा अंधारांत, कारागिरानें आधींच लावून ठेवलेला असतो.

प्रस्तुत लेखांत या लपलेल्या बाजूचाच विचार करावयाचा आहे. निमित्त आहे तें युकुलेली या लहानशा परदेशी वाद्याचें. हात-सव्वा हात लांबीचें, चार तारांचें हें हवाई बेटांचें वाद्य आज भंडाऱ्यासारख्या गांवींही महाविद्यालयीन तरुणांच्या हातीं दिसूं लागलें आहे. आणि त्यांतील एखादा हौशी विद्यार्थी तें स्वतः घडवूं पाहतो, तेव्हां त्याला सर्वांत मोठा पेच पडतो तो हाच. दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीची फळी; तिला आंतून आधाराच्या कड्या किती लावाव्या, कोठें लावाव्या आणि किती उंच ठेवाव्या? कड्या थोड्या पडल्या तर फळी तारांच्या ओढीनें पोट काढते व एके दिवशीं उलते. अधिक झाल्या तर वाद्य पिढ्यान् पिढ्या टिकतें, पण बोलत नाहीं. या एका प्रश्नाला निरनिराळ्या देशांतील कारागिरांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि त्यांतील एक उत्तर आपल्या महाराष्ट्रांत, मिरजेस घडलें. हीं उत्तरें शेजारीं-शेजारीं मांडून पाहिलीं म्हणजे दोहोंचेंही मर्म अधिक स्पष्ट होतें.

प्रथम मूळ अडचण काय आहे ती समजून घेऊं. दोन खिळ्यांमध्यें ताणलेली नुसती तार छेडली तर तिचा आवाज चार हातांवरही नीट ऐकूं येत नाहीं. तार इतकी बारीक असते कीं ती हवेला कापीत जाते, ढकलीत नाहीं. म्हणून तिचें कंपन एखाद्या विस्तृत पृष्ठाला द्यावें लागतें. घोडी तें कंपन तारेपासून घेते व तबलीला देते, आणि तबली आपल्या अंगानें हवेला हलविते. आतां तबली सहज हलावी म्हणून ती हलकी व लवचिक पाहिजे. परंतु तारांचें ओझें वाहण्याचें कामही तिच्याच माथीं असतें, व त्यासाठीं ती ताठ व बळकट पाहिजे. एकाच फळीनें हमालीही करावी आणि नृत्यही करावें, अशी ही विचित्र मागणी आहे. पोलादी तारांच्या गिटारींत सहाही तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोंच्या घरांत जाते. म्हणजे एक थोराड माणूस त्या वाद्याला रात्रंदिवस लोंबकळत राहिल्यासारखें होय. युकुलेलीची ओढ त्या मानानें पुष्कळच अल्प. परंतु तिची फळीही त्याच मानानें नाजूक.

या पेचांतून सुटण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे लांकडाच्या जागीं कातडें घालणें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत भाताची कापणी उरकल्यावर मंडईच्या दिवसांत खडी गंमत व दंडार यांचे खेळ होतात. अशा खेळांतून, पोवाड्यांतून व गोंधळांतून सर्व महाराष्ट्रास परिचित असलेलें तुणतुणें वाचकांनीं पाहिलें असेलच. लांकडाचें एक पोकळ नळकांडें, त्याच्या तळाला मढविलेलें कातडें, बाजूस ठोकलेली एक काठी, आणि कातड्याच्या मध्यांतून निघून काठीच्या खुंटीला गेलेली एकच तार. एवढाच त्याचा संसार. येथें घोडी नाहीं, फळी नाहीं, कडी नाहीं. तार थेट कातड्यालाच ओढते व कातडेंच बोलतें. कातड्याला स्वतःचा ताठपणा मुळींच नसतो. तें ताणल्यावरच उभें राहतें, आणि तो ताणच त्याचा आधार होतो. बाहेरून ओझें जेवढें अधिक तेवढें तें अधिक घट्ट. म्हणून त्याला आंतून टेकू देण्याची गरजच पडत नाहीं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले. तारेचें वाद्य तें तत आणि कातड्यानें मढविलेलें तें अवनद्ध. या विभागणीप्रमाणें पाहूं गेल्यास तुणतुणें दोन्ही घरचा पाहुणा ठरतें. परंतु या युक्तीला एक मोठा दोष आहे. कातडें हवेच्या अधीन असतें. श्रावणांत तें ओलावतें, ढिलें पडतें, आणि वाजविणाऱ्याला शेकोटी शोधावी लागते. शिवाय त्याचा नाद ठसठशीत असला तरी अल्पायुषी असतो. घटका-दोन घटका न ढळणारा, एकावर एक थर चढत जाणारा आधारस्वर ज्यास पाहिजे त्याला कातडें पुरें पडत नाहीं.

दुसरा जुना मार्ग याच्या उलट होता. देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाच्या आश्रयास, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे, आणि त्यांत एकतंत्रीसारख्या वीणांचें वर्णन दांडी, भोपळा व तार यांच्या मापांसह आलें आहे. या वीणा दांडीच्या वीणा होत. तार दांडीवरून जाते; भोपळा दांडीच्या खालीं टांगलेला असतो. आज आपण जिला तबली म्हणतों ती त्यांत नाहींच. ओझें सर्व दांडीनें वाहावयाचें आणि भोपळ्यानें नुसतें घुमावयाचें, अशी ही श्रमविभागणी होती. ती निर्धोक खरी, पण आवाज त्यामुळें नाजूकच राहतो. तो शांत दालनांत, जाणत्या श्रोत्यांपुरताच. त्याच ग्रंथांत तार व तिची बैठक यांच्यामध्यें बारीक चीप सरकवून नाद झंकारता करण्याची युक्ति सांगितली आहे, तिला ‘जीवा’ असें नांव आहे. आमचे तंबोरेवाले आजही घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हां ही परंपरा किती लांबून चालत आली आहे हें ध्यानांत येतें.

कातडें पावसाळ्यांत दगा देतें आणि दांडी पुरेशी बोलत नाहीं. तेव्हां उरतो तिसरा मार्ग, लांकडाच्या तबलीचा. येथें मिरजेचा प्रसंग येतो.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली. दक्षिणेंतील संस्थानें इंग्रजांच्या छत्राखालीं राहिलीं. पण लढाया संपल्या आणि लढायांवर पोट भरणाऱ्या कारागिरांचा धंदाही हळूहळू बसत गेला. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार व झिलई देणाऱ्यांस शिकलगार म्हणत. मिरजेच्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब व मोईनुद्दीन यांनीं १८५० च्या सुमारास वाद्यें दुरुस्त करण्याचें व पुढें घडविण्याचें काम हातीं घेतलें, असा त्या गांवचा इतिहास आहे. पटवर्धनांच्या दरबारीं गवई-बजवय्ये येत, त्यांच्या सतारी-तंबोरे प्रवासांत मोडत, आणि जवळपास दुरुस्त करणारा कोणी नसे. ज्या हाताला पात्याची धार अंगठ्याच्या स्पर्शानें ओळखण्याची संवय होती, त्याला लांकडाचें दळ बोटांनीं ओळखणें अवघड गेलें नसावें. मंगळवेढें-पंढरपूरच्या बाजूस तंबोऱ्यास योग्य असे मोठे कडू भोपळे पिकतात. दांडीस तुणीचें लांकूड मिळालें. पुढें पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची गादी मिरजेस झाली, विष्णु दिगंबर पलुसकर तेथें शिकले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मिरजेंत काढलीं. १९३७ सालीं ते वारले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांतच त्यांची कबर आहे. सुराचा असा काटेकोर ग्राहक शेजारीं बसला असल्यावर कारागिराला निष्काळजीपणा परवडत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याचें नांव झालें त्यांत या शेजाराचा वांटा मोठा आहे.

मिरजेच्या या तंबोऱ्याची तबली नीट पाहावी. ती सपाट नसते. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर ती एखाद्या उथळ घुमटाप्रमाणें फुगीर बसते. कड्यांची उतरंड तिच्या पोटाशीं नसते. तारा खुंट्यांपासून निघून घोडीवरून पलीकडे जातात आणि भोपळ्याच्या कडेशीं, लंगोटाला बांधल्या जातात. याचा अर्थ असा कीं, तारांची ओढ घोडीवर पडत नाहीं; घोडीवर पडतो तो फक्त दाब, सरळ खालीं. आणि सरळ खालीं येणाऱ्या दाबाला तोंड देण्यास कमानीसारखा दुसरा उपाय नाहीं. कमानीवर भार पडला म्हणजे तिचे घटक एकमेकांस अधिकच घट्ट धरतात व भार कडेस नेऊन सोडतात. कड भक्कम असली म्हणजे झालें. मिरजेहून फार दूर नसलेल्या विजापुरास १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाच्या थडग्यावर एकाही खांबाशिवाय उभा असलेला गोल घुमट आपण पाहतों. तंबोऱ्याच्या कारागिरानें तो पाहून तबली केली, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोहोंचें बळ एकाच तत्त्वांत आहे, एवढें निश्चित.

आतां चित्राची दुसरी बाजू पाहूं. ज्या पोर्तुगीजांनीं गोव्यास व्हायोलिन आणलें, आणि ज्या व्हायोलिनच्या जोडीला गोमंतकीयांनीं आपलें घुमट घालून मांडो गाइला, त्याच पोर्तुगीजांचें मदेरा नांवाचें एक बेट अटलांटिक महासागरांत आहे. तेथें माशेत नांवाचें चार तारांचें एक चिमुकलें वाद्य प्रचारांत होतें. १८७९ च्या ऑगस्टच्या २३ तारखेस ‘रेव्हन्सक्रॅग’ हें जहाज मदेराहून चार महिन्यांचा प्रवास करून होनोलुलूच्या बंदरांत लागलें. त्यांतून चारशेंहून अधिक माणसें हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर कराराच्या मजुरीस उतरलीं. त्यांतच मान्युएल नूनेस, ऑगस्टो डियास व जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मळ्यांवरील कराराचे दिवस भरल्यावर त्यांनीं होनोलुलूंत लांकूडकामाचीं दुकानें थाटलीं, आणि माशेतच्या आकाराचें, परंतु स्थानिक कोआ लांकडाचें एक वाद्य तीं दुकानें विकूं लागलीं. कोआ हें झाड आपल्या बाभळीच्या गोतांतलें. हवाईच्या लोकांनीं या वाद्यास युकुलेली, म्हणजे उड्या मारणारी पिसू, असें थट्टेचें नांव दिलें. वाजविणाऱ्याचीं बोटें तारांवर तशीं नाचतात म्हणून तें पडलें, असें सामान्यतः मानतात.

हवाईचा राजा कालाकौआ या वाद्याचा मोठा चाहता होता. हाच राजा १८८१ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असतां कलकत्त्यास व मुंबईस येऊन गेला होता. त्यानें आपल्या दरबारीं युकुलेलीस मान दिला आणि तेथून ती घरोघर गेली. पुढें १८९३ सालीं त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यांत आलें व १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेनें घशांत घातलीं. राज्य गेलें, वाद्य राहिलें. मिरजेचा शिकलगार आणि होनोलुलूचा सुतार यांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. परंतु दोघांचीही कथा एका वळणाची आहे. जुना धंदा सुटलेला, हातांतील कसब शाबूत, आणि एका लहान दरबाराचा थोडासा आश्रय.

मात्र दोघांनीं तबलीचा प्रश्न सोडविला तो अगदीं निराळ्या रीतीनें. युकुलेलीची तबली सपाट असते आणि तिची घोडी तबलीलाच सरसानें चिकटविलेली असते. तारा घोडीवरून पलीकडे जात नाहींत. त्या घोडीलाच बांधलेल्या असतात. त्यामुळें घोडीवर नुसता दाब न पडता पीळ पडतो. घोडीची पुढची कड फळींत रुतूं पाहते व मागची कड फळीला उचलूं पाहते. अशा पिळाला कमानीचा उपयोग थोडा. येथें उपयोगी पडतो तो आपल्या जुन्या वाड्यांचा कडीपाट. पातळ फळ्या एकट्या माणसाचें ओझें सोसत नाहींत. पण खालून सागवानी कड्या दिल्या, कड्यांस तुळईचा आधार दिला, कीं त्याच फळ्यांवर माजघर नांदतें. युकुलेलीच्या पोटांत हाच कडीपाट उलटा करून बसविलेला असतो. भोंकाच्या वर एक आडवी कडी, भोंकाच्या खालीं दुसरी, घोडीच्या बरोबर पाठीशीं एक पातळ पट्टी. कांहीं कारागीर घोडीखालून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरणाऱ्या दोन-तीन बारीक कामट्याही लावतात.

यांतील प्रत्येकाचें काम निराळें आहे. लांकूड रेषांच्या दिशेनें जितकें ताठ असतें, त्याच्या दहाव्या हिश्शानेंही तें आडवें ताठ नसतें. तेव्हां आडव्या कड्या फळीच्या या उपजत दुबळेपणाला सांवरतात. घोडीचा पीळ मात्र रेषांच्या दिशेनें फळीला लाट आणूं पाहतो. त्याला उभ्या कामट्याच अडवितात. आणि कडीची उंची हा तर सर्वांत नाजूक भाग होय. कडी रुंदीला दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. पण उंचीला दुप्पट केली तर तो आठपट होतो, कारण तो उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. वजन मात्र दोन्ही वेळां दुप्पटच. म्हणून शहाणा कारागीर कडी अरुंद व उंच ठेवतो, आणि तिचीं दोन्ही टोकें रंधून उतरतीं करतो, म्हणजे मध्यें बळ राहतें आणि कडेशीं फळी मोकळी होते. रंध्याचा एकेक हात मारावा, फळी कानाशीं धरून बोटाच्या पेरानें ठोकावी, बद्द आवाज जाऊन घंटेसारखा लांबता नाद आला कीं थांबावें. कोठें थांबावें याचें माप कोणत्याही कोष्टकांत नसतें, कारण दोन फळ्या कधींच सारख्या नसतात. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालीं प्रसिद्ध केलेला वाळूचा प्रयोग मात्र कारागिरांच्या कामीं येतो. फळीवर बारीक वाळू पसरून ती कंपित केली म्हणजे ज्या रेषांवर फळी स्थिर असते तेथें वाळू गोळा होते, आणि कानाला जें ऐकूं येतें तें डोळ्याला दिसूं लागतें.

या कडीपाटाचाही स्वतंत्र इतिहास आहे. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यानें गिटारीच्या तबलीखालीं पंख्यासारख्या सात कामट्यांची रचना इतकी परिपूर्ण केली कीं आजची अभिजात गिटार तिच्यावरच उभी आहे. गिटारीचा आवाज तबलींतून येतो, बाकीचें अंग दुय्यम, असें त्याचें मत होतें. आणि तें सिद्ध करण्यासाठीं त्यानें १८६२ सालीं एक गिटार अशी केली कीं तिची पाठ व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. जर्मनींतून अमेरिकेंत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३) याच्या कारखान्यानें १८४० नंतरच्या काळांत फुलीच्या आकाराच्या कड्यांची पद्धत रूढ केली. त्या वेळीं तारा आंतड्याच्या होत्या. पुढें विसाव्या शतकांत पोलादी तारा आल्या, ओढ कितीतरी वाढली, आणि ती सोसण्यास तीच फुली जणूं वाट पाहत उभी होती.

परंतु याच कारखान्याची युकुलेलीची पहिली हकीकत आमच्या विषयाला सर्वांत अधिक उद्बोधक आहे. १९०७ सालीं त्यानें थोड्याशा युकुलेली बनविल्या. गिटारीच्या कामांत मुरलेले ते हात. त्यांनीं गिटारीचेंच शास्त्र या लहान वाद्यास लावलें. स्प्रूसची तबली घेतली व तिच्याखालीं गिटारीच्या हिशेबानें भरपूर कड्या दिल्या. वाद्य रेखीव झालें, बळकट झालें, आणि बोलेना. तीं वाद्यें कोणी घेईना. होनोलुलूच्या सुतारांचीं कामें कदाचित् इतकीं सफाईदार नसतीलही. पण त्यांचें कोआचें अंग कागदासारखें हलकें असे व आधार अगदीं मोजका असे. १९१५ सालीं सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत हवाईच्या संगीतानें अमेरिकेला वेड लावल्यावर मार्टिनच्या कारखान्यानें पुन्हां प्रयत्न केला. या वेळीं महागनीची पातळ तबली घेतली आणि कड्या कमी केल्या. १९१६ पासून हीं वाद्यें बाजारांत आलीं व त्यांचा खप इतका झाला कीं कांहीं वर्षें गिटारी मागें पडल्या. नऊ वर्षांत कारखान्यानें कोणती नवी गोष्ट शिकली? जोडण्याची नव्हे, काढून टाकण्याची. जें ज्ञान एका वाद्यास तारक होतें तेंच दुसऱ्यास मारक ठरलें, कारण ओझें किती आहे हें न पाहतां आधार किती देतां येतो एवढेंच पाहिलें गेलें.

कडीपाट आणि घुमट यांपैकीं श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न कोणी विचारील तर तो प्रश्नच चुकीचा आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्यांतील इंग्रजी शिकलेल्या वर्गास पुष्कळ काळ असें वाटत आलें कीं युरोपचें वाद्य तें शास्त्रानें बनलेलें आणि आपलें तें केवळ संवयीनें बनलेलें. ही समजूत १९२१ सालींच दूर व्हावयास पाहिजे होती. त्या वर्षीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं भारतीय तंतुवाद्यांवर आपलें संशोधन प्रसिद्ध केलें आणि वीणा व तंबोरा यांच्या रुंद, किंचित् गोलाई दिलेल्या घोडीचें रहस्य उलगडलें. तारेच्या ज्या बिंदूपाशीं एखादा उपस्वर स्थिर असतो तेथेंच ती छेडली तर तो उपस्वर उमटूं नये, असा युरोपीय पदार्थविज्ञानाचा नियम होता. आमच्या तंबोऱ्याची घोडी तो नियम मोडते. तार तिच्या गोलाईस वारंवार चाटून जाते आणि न उमटावयाचे स्वरही उमटतात. म्हणजे शिकलगारांचा हात जें करीत होता त्यामागें तर्क नव्हता असें नाहीं; तो तर्क शब्दांत मांडलेला नव्हता, इतकेंच. तबलीचेंही तसेंच आहे. तार कोठें बांधली आहे, या एका गोष्टींतून बाकीचें सर्व ओघानें येतें. ती अंगाच्या कडेशीं बांधली तर दाब येतो, व दाबाला कमान पुरते. ती तबलीवरच बांधली तर पीळ येतो, व पिळाला कडी लागते. मिरजेचा कारागीर व होनोलुलूचा कारागीर यांनीं एकाच प्रश्नाला दोन उत्तरें दिलीं असें वर म्हटलें. खरें पाहतां प्रश्नच दोन होते, आणि प्रत्येकानें आपल्या प्रश्नाचें बरोबर उत्तर दिलें.

हें सर्व आम्हां भंडाऱ्याच्या लोकांस कशास पाहिजे, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. आमच्या जिल्ह्याची हवा तबलीची कठोर परीक्षा घेणारी आहे. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि हवेंतला ओलावा पार आटतो. दोन महिन्यांत तलाव तुडुंब भरतात व भिंतींना पाझर सुटतो. लांकूड रेषांच्या आडव्या दिशेनें ओलाव्यानें फुगतें व उन्हानें आकसतें. पण त्याच्या पाठीवर आडवी चिकटविलेली कडी आपल्या लांबींत जवळजवळ कमी-अधिक होत नाहीं. तेव्हां उन्हाळ्यांत फळी आकसूं पाहते, कडी तिला आकसूं देत नाहीं, आणि फळी उलते. समुद्राकांठच्या दमट हवेंत जोडलेलें वाद्य आमच्या वैशाखांत तडकतें तें या कारणानें. वाजविणाऱ्याचा त्यांत दोष नसतो. येथें युकुलेली घडवूं पाहणाऱ्यानें कड्या श्रावणांत चिकटवूं नयेत, कोरड्या दिवसांतच चिकटवाव्या, आणि कडीच्या चिकटणाऱ्या बाजूस किंचित् गोलाई द्यावी. मग पावसाळ्यांत फळी फुगली तरी ती थोडी वर उचलेल, फाटणार नाहीं. पाहा, कडीपाटवाल्यालाही शेवटीं घुमटाची थोडी उसनवारी करावी लागतेच.

दुसरें कारण अधिक गंभीर आहे. भंडाऱ्याचें नांव पितळी भांड्यांसाठीं दूरवर गाजलेलें होतें. स्टेनलेस स्टील आलें, अल्युमिनियम आलें, आणि तो धंदा ओसरला. धंदा ओसरणें हें कालगतीनें होतें, त्याबद्दल शोक करून उपयोग नाहीं. पण पत्रा किती ठोकला म्हणजे भांडें नादतें, किती तापविला म्हणजे तो उलत नाहीं, हें जें ज्ञान त्या हातांत होतें, तें कोणीं लिहून ठेविलें? हात थांबले कीं ज्ञानही थांबतें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन नांवाचें रक्षण करतें. कसबाचें रक्षण करण्यास तें पुरेसें नाहीं. भोपळा किती महिने वाळवावा, तबलीचें दळ घोडीखालीं किती राखावें व कडेस किती उतरावें, ठोकून ऐकतांना कोणता नाद आला म्हणजे थांबावें, हें जोंपर्यंत बापाच्या हातून मुलाच्या हातीं जातें तोंपर्यंतच तें जिवंत आहे, आणि आज पुष्कळ मुलें दुसऱ्या धंद्यांकडे वळत आहेत. तोरेसच्या गिटारी मोजून, त्यांचे नकाशे काढून, पोटांत आरसे घालून युरोपीय अभ्यासकांनीं त्यांच्या कड्यांची उंची नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडील जुन्या तंबोऱ्यांची मापें याच बारकाईनें व मराठींत नोंदलीं गेलीं पाहिजेत. त्यांत महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास काम आहे, इतिहासाच्या विद्यार्थ्यास आहे, आणि सुतारकामाच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलासही आहे.

म्हणून ज्या तरुणाच्या हातीं आज युकुलेली आहे त्याला नाकें मुरडण्यांत अर्थ नाहीं. त्यानें ती उघडावी, तिच्या पोटांतील कड्या मोजाव्या, जमल्यास शिवण किंवा सागाची फळी घेऊन स्वतः एक घडवावी. शिवण हलकी असते व हवेनें फारशी वांकत नाहीं, म्हणून वाद्यकामीं ती पूर्वींपासून मान्य आहे. पहिली तबली कदाचित् बद्द वाजेल आणि दुसरी उलेल. पण आधार किती द्यावा आणि कोठें हात आवरावा, याचा अंदाज एकदां बोटांत उतरला म्हणजे तो सप्ताहांतल्या विणेकऱ्याच्या गळ्यांतील वीणेकडे आणि गवयाच्या पाठीमागील तंबोऱ्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहील. तबलीच्या मागें काय आहे हें विचारणारा एक तरी माणूस गांवांत असावा. मिरजेच्या घुमटाचीं मापें घ्यावयास उद्यां जो निघेल तो अशांतूनच निघेल.